मूठ म्हणतात, पण मूठ वळायची नाही

२०२३च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या ओजस देवतळेनं बर्लिनला जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. पंधरा बाण, पंधराही दहाच्या वर्तुळात. दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून तो तीन सुवर्णपदकं घेऊन आला. तो खेळतो तो प्रकार कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या प्रकाराची मिश्र सांघिक स्पर्धा असणार आहे, त्यामुळे तो विषय पुन्हा चर्चेत आलाय. मी नागपूरला ज्या मैदानावर जाते तिथे आई-बाप पोरांना स्कूटीवर घेऊन येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "सर, चाकांचं धनुष्य कधी देता?" सर काही न बोलता कोपऱ्यातलं बांबूचं धनुष्य पोराच्या हातात देतात.

खरा गोंधळ तिथून सुरू होतो. कारण सरांचं पहिलं वाक्य असतं, "पकडू नको."

गेल्या महिन्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीनं यावर चटकन विचारलं, "पकडलं नाही तर पडंल ना जी ते!" मी दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चाळिशीत, हाच प्रश्न मनात ठेवला होता. विचारायची लाज वाटली म्हणून सहा महिने चुकीचं शिकले. तर हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

(पुढे सगळीकडे उजव्या हातानं दोरी ओढणारा माणूस धरलाय. डावखुऱ्यांनी आरसा समोर ठेवून वाचावं.)

दोन हात, दोन वेगळी कामं

धनुष्याच्या मधल्या भागाला मराठीत मूठ म्हणतात, आणि या शब्दानंच घात केलाय. मूठ म्हटलं की आपली बोटं आपोआप वळतात. बसचा दांडा, बादलीची कडी, स्कूटीचं हँडल या सगळ्यांशी आपण तसंच वागतो. पण या वस्तू आपल्याकडे ओढायच्या, उचलायच्या किंवा फिरवायच्या असतात. धनुष्य आपल्यापासून दूर ढकलायचं असतं. ढकलायला बोटं लागत नाहीत. जड दार ढकलताना कुणी दाराला मूठ मारून धरतं का? तळवा टेकवतो, भार देतो, झालं.

उजवा हात दोरी मागे ओढतो, डावा हात लाकूड पुढे ढकलतो, आणि दोन्हीकडचा जोर सारखाच असतो. धनुष्याची ताकद पाउंडात मोजतात. ३० पाउंडाचं धनुष्य पूर्ण ओढलं की डाव्या तळव्यावर साडेतेरा किलोंच्या आसपास भार येतो. एवढ्या भारानं तळव्यात घुसलेलं लाकूड पडणार कसं? पडायचा प्रश्न येतो तो बाण सुटल्यानंतर. त्याकडे नंतर येते.

हातगाडी कोपऱ्यातून ढकलली की

गोकुळपेठच्या बाजारात भाजीची रिकामी हातगाडी एका हातानं ढकलणारा माणूस पाहा. हात दांड्याच्या बरोबर मध्ये असेल तर गाडी सरळ जाते. हात कोपऱ्याकडे सरकला की गाडी वळते, मग तो कितीही सरळ चालत असो. धनुष्याचं तसंच आहे. भार मुठीच्या मध्यरेषेवर पडला तर धनुष्य सरळ राहतं, बाजूला पडला तर ते स्वतःभोवती किंचित पिळतं. या पिळाला खेळात टॉर्क म्हणतात. मी इथे पीळच म्हणणार आहे.

घट्ट मूठ वळली की पीळ हमखास येतो. चार बोटं लाकडाच्या एका अंगाला, तळव्याची गादी दुसऱ्या अंगाला, आणि प्रत्येक जण आपापल्या बाजूनं दाबतो. पोळी लाटताना एका हाताचा भार जास्त पडला की पोळीचा नकाशा होतो ना, अगदी तसं. त्यात प्रत्येक बाणाला बोटांचा जोर वेगळा. एक बाण डावीकडे, दुसरा उजवीकडे, आणि आपण बिचाऱ्या बाणांना शिव्या घालतो.

"एवढ्याशा पिळानं काय होतं?" असं मलाही वाटायचं, म्हणून एकदा गणित मांडून पाहिलं. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असतं आणि त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर. बाणाची दिशा एका अंशानं चुकली तर ७० मीटरवर तो किती सरकतो? सुमारे १२२ सेंटिमीटर. म्हणजे मध्यावर नेम धरलाय आणि फक्त अर्धा अंश चुकलाय, तरी बाण लक्ष्याच्या काठावर. आमच्यासारख्यांच्या २० मीटरवरसुद्धा एक अंश म्हणजे ३५ सेंटिमीटर, घरातल्या मोठ्या ताटाएवढं अंतर.

मग सोडताना सावरून घेता येत नाही का?

नाही, कारण तेवढा वेळच नसतो. दोरी सुटल्यापासून बाण दोरीवरून निघेपर्यंत साधारण १५ ते २० मिलिसेकंद जातात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसलेली गोष्ट मेंदूला कळून हात हलायला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे "अरे, हात हलला" हे आपल्याला कळेपर्यंत बाण निम्म्या वाटेवर असतो.

म्हणून सगळं आधी करून ठेवावं लागतं. दोरी ओढायला लागण्यापूर्वी डावा हात जिथे बसला, तिथेच बाणाचं नशीब बरंचसं ठरतं. ओढून झाल्यावर हात हलवून नीट करायला गेलात तर साडेतेरा किलोंचा भार घेऊन कातडी लाकडावर घासते आणि हात भलत्याच जागी अडकतो. सर याला "लग्न लागल्यावर पत्रिका बघणं" म्हणतात. तसं झालं तर दोरी हळू परत न्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

तळहाताचा नकाशा

आता नेमकी जागा. डावा तळहात समोर धरा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल फुगवटा आहे त्याला हस्तसामुद्रिकवाले शुक्राचा उंचवटा म्हणतात, आणि त्याला वळसा घालून मनगटाकडे उतरते ती आयुष्यरेषा. एरवी माझा या शास्त्राशी संबंध नाही, पण इथे त्यांची नावं फार सोयीची आहेत. नियम सोपा: धनुष्याचा भार शुक्राच्या उंचवट्यावर, आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला. रेषा ओलांडून करंगळीकडे लाकूड गेलं की पीळ आलाच.

हे का, तर अंगठ्यामागच्या या भागातून भार मनगटातून थेट हाताच्या हाडांत आणि तिथून खांद्यात उतरतो. करंगळीकडच्या बाजूनं ढकललं की मनगट दुमडतं आणि ते सरळ ठेवण्यातच स्नायू थकतात.

हात त्या जागी कसा न्यायचा? व्हरायटी चौकात वाहतूक पोलीस गाड्या थांबवायला हात दाखवतो, तसा डावा हात समोर करा. बोटं वर, तळवा पुढे. आता मनगटापासून हात बाहेरच्या बाजूला असा कलता करा की बोटांच्या मुळाशी असलेल्या पेरांची रांग ४५ अंशांत तिरपी येईल. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच मुठीच्या सर्वांत खोल भागात बसवा, मग उंचवटा टेकवा. अंगठा लक्ष्याकडे सैल. बाकीची बोटं लाकडाला शिवली तरी चालतील, दाबायची नाहीत.

माझा हात बरोबर बसतोय की नाही हे मला कळतच नव्हतं. मग एका सकाळी मी घरून चिमूटभर हळद पुडीत बांधून नेली. मुठीच्या तळव्याकडच्या अंगाला ती चोळली, हात बसवला, दोरी अर्धी ओढली आणि हळू परत नेली. (बाण न लावता दोरी ओढली तर ती कधीही सोडायची नाही. सोडली की बाणानं घ्यायचा सगळा जोर धनुष्याच्या अंगात जातो आणि ते तडकू शकतं.) तळवा उघडून पाहिला. पिवळा पट्टा आयुष्यरेषेवरून सरळ करंगळीच्या मुळापर्यंत! सहा महिने सर जे तोंडानं सांगत होते ते दोन रुपयांच्या हळदीनं दाखवलं.

कोपराची एक भानगड

बऱ्याच जणांच्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, जांभळा डाग असतो. दोरी तिथे सणसणीत बसते. माझा पहिला डाग आठ दिवस राहिला आणि ऑफिसात सगळ्यांनी घरी सगळं ठीक आहे ना असं हळूच विचारलं. यावर लोक जाड आर्म गार्ड, म्हणजे हातावर बांधायचं कवच, घेतात. तो हवाच, पण दुखणं दुसरीकडे आहे. मूठ आवळली की पूर्ण हात आत वळतो, कोपराचा फुगीर भाग दोरीच्या वाटेत येतो.

भिंतीला डावा तळवा टेकवून उभे राहा. तळवा जागचा न हलवता फक्त कोपर फिरवा. कोपराच्या आतली घडी आधी आकाशाकडे असेल, ती भिंतीला समांतर, उभी झाली पाहिजे. पहिल्यांदा हे जमत नाही, तळवाही सोबत फिरतो. चहा उकळेपर्यंत रोज करा, आठवड्यात येतं.

बांबूच्या धनुष्याचा वेगळा जाच

शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार असतो, तो याच साध्या बांबूच्या धनुष्यावर खेळतात. नेम धरायला काच नाही, तोल सांभाळायला दांड्या नाहीत. ऑलिंपिकच्या धनुष्याची मूठ हाताच्या आकाराची घडवलेली असते, हात आपोआप त्या खळग्यात जातो. बांबूला खळगा नसतो. सरळ, गोलसर काठी. हात वर बसला काय, खाली बसला काय, बांबू काही बोलत नाही.

त्यात एक गंमत अशी की अनेक साध्या धनुष्यांवर बाण ठेवायला वेगळा आधारच नसतो. बाण तुमच्या तर्जनीच्या पेरावर टेकतो. म्हणजे हात हाच धनुष्याचा एक भाग. आज हात कालच्यापेक्षा एक सेंटिमीटर वर बसला, तर बाणाचं पुढचं टोकही एक सेंटिमीटर वर आलं; मागची खाच मात्र दोरीवर तिथेच. तुम्ही नेम तोच धरलात, पण धनुष्य जणू दुसरंच झालं. यंत्राचं धनुष्य वापरणाऱ्याला जे काम कारखाना करून देतो, ते इथे रोज आपल्याला करावं लागतं. मला विचाराल तर म्हणूनच बांबूवर शिकलेला माणूस पुढे कुठलंही धनुष्य नीट धरतो.

उपाय साधा आहे. मुठीवर जिथे तर्जनीची वरची कड येते तिथे रंगीत दोऱ्याचे चार वेढे घ्या आणि गाठ डिंकानं चिकटवा. दर वेळी हात त्या दोऱ्याला भिडवायचा. शिवाय बाणाच्या पिसाचं पुढचं टोक बोटावरून जाताना कापतं. तिथेही दोरा गुंडाळून ते टोक दाबून टाकायचं. पहिल्याच दिवशी रक्त आलं की पोरं मूठ आणखी आवळतात, आणि ती सवय मोडायला महिना जातो.

मनगट किती उंच ठेवायचं यावर मैदानावर वाद झडतात. उंच मनगट, मधलं, खाली टेकवलेलं, तिन्ही पद्धतींनी लोक नीट मारतात. सरळ मुठीच्या लांब धनुष्याला तळव्याची टाच जरा खाली टेकवलेली सोयीची पडते. फक्त एक निवडा आणि ते बदलू नका. पिळानं बाण डावे-उजवे पसरतात. मनगट दर वेळी वेगळं बसलं की वर-खाली पसरतात. लक्ष्यावरचे बाण पाहूनच चूक ओळखता येते ती अशी.

"सोडलं तर पडंल ना जी?"

आता त्या मुलीचा प्रश्न. बाण सुटला की तळव्यावरचा भार एकदम जातो आणि धनुष्य पुढे उडी मारतं. ही उडी चांगली. ती सरळ पुढे गेली तर समजायचं पीळ नव्हता. धनुष्य बाजूला फिरलं तर होता. अडचण अशी की ते पडू नये म्हणून मेंदू आधीच बोटं आवळतो. कितीही समजावलं तरी ऐकत नाही, त्याचंही बरोबरच आहे, वस्तू महाग असते.

म्हणून त्याची समजूत दोरीनं घालतात. बुटाच्या नाडीचा वीतभर तुकडा घ्या, दोन टोकांना दोन फास करा. एक फास अंगठ्यात, दुसरा मधल्या बोटात, नाडी धनुष्याच्या पुढून. याला फिंगर स्लिंग म्हणतात. आता बोटं पूर्ण उघडी ठेवा, धनुष्य नाडीत लोंबेल. त्या मुलीनं आपल्या शाळेच्या बुटाची पांढरी नाडी काढून तिथेच फास केले आणि दिवसभर एक बूट फटफटवत फिरली.

मग मूठ आवळणारे नेम कसा मारतात?

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो खराही आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीकडे पिढ्यान्‌पिढ्या धनुष्य वापरणारी माणसं पाहिलीत तर अनेकांची मूठ चांगली घट्ट असते. तरी नेम चुकत नाही. कारण त्यांची मूठ दर वेळी तितकीच घट्ट असते. लहानपणापासून एकाच धनुष्यावर हजारो बाण मारले की पीळसुद्धा मोजून-मापून तोच येतो आणि डोळा त्याचा हिशेब आपोआप धरतो. शिवाय जंगलातलं अंतर ७० मीटर नसतं. आठवड्यातून दोनदा, ऑफिस सांभाळून मैदानावर येणाऱ्या माणसाला एवढा सारखेपणा जोर लावून आणता येत नाही. जोर कमी करून येतो, कारण शून्य जोर रोज सारखाच असतो.

एकलव्याचा अंगठा कशाला लागत होता?

उजव्या हाताबद्दल थोडक्यात. आज सर्वसाधारण पद्धत तीन बोटांची: तर्जनी बाणाच्या वर, मधलं आणि अनामिका खाली. दोरी बोटांच्या टोकांवर नाही, पहिल्या पेराच्या घडीत बसवायची. जड पिशवी बोटांच्या शेंड्यांवर धरून पाहा, मग आकड्यासारखी बोटं वाकवून धरा, फरक लगेच कळेल. हाताची मागची बाजू सपाट, मनगट सैल. तर्जनीनं बाणाची खाच दाबायची नाही. मधलं बोट दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला टेकवायचं. आणि सोडताना बोटं उघडायची नाहीत, त्यांतला जोर फक्त काढून घ्यायचा.

या पद्धतीत अंगठ्याचं काहीच काम नाही. मग द्रोणाचार्यांनी अंगठाच का मागितला, असं पोरं विचारतात. आशियात फार मोठ्या भागात दुसरी पद्धत होती, दोरी अंगठ्यात अडकवायची आणि वर तर्जनीची कडी घालायची. अंगठा कापू नये म्हणून शिंगाची, हाडाची किंवा जेडसारख्या दगडाची अंगठी घालत. मुघल काळातल्या रत्नजडित अंगठ्या संग्रहालयांत आहेत. त्या पद्धतीत अंगठा गेला की विद्या गेली. मात्र कथा तशी वाचली तरी ती तितकीच दुष्ट राहते.

आपल्या मुद्द्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं असं की अंगठ्यानं ओढणारे डाव्या हाताची खालची तीन बोटं मुद्दाम घट्ट ठेवतात, आणि काही परंपरांत बाण सुटताना धनुष्य ठरवून फिरवतातही. त्यांचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो, सगळं गणितच वेगळं. तेव्हा "सैल हात" हा तीन बोटांनी ओढणाऱ्यांचा नियम. मोबाइलवर तुर्की किंवा कोरियन धनुर्धराचा व्हिडिओ पाहून दुसऱ्या दिवशी अर्धी पद्धत इकडची, अर्धी तिकडची करणारे आमच्याकडे येतात. सर त्यांना आधी चहा पाजतात.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा वरचं सगळं शिकलेलं घामात वाहून जातं. तळवा ओला, लाकूड निसरडं, मग बोटं आवळली जातात. बॅडमिंटनची जाड रबरी पट्टी गुंडाळू नका. मूठ जाड झाली की हात उंचवट्यावर बसतच नाही. सुती दोऱ्याचा एकेरी वेढा पुरतो, घाम पितो आणि मळला की बदलता येतो. लाकूड आणि फायबरचे थर चिकटवलेलं धनुष्य असेल तर ते दुपारी उन्हातल्या गाडीत ठेवू नका, थरांमधला गोंद सुटतो. आम्ही एप्रिलपासून सकाळी साडेसहालाच सुरू करतो आणि नऊच्या आत तर्री पोह्यांच्या गाडीवर असतो.

परवा त्याच गाडीवर त्या मुलीनं मला आपला तळवा दाखवला. हळदीचा ठिपका, एक रुपयाच्या नाण्याएवढा, शुक्राच्या उंचवट्यावर, रेषेच्या अलीकडे. "तुमचा दाखवा," म्हणाली. माझा पट्टा आता करंगळीपर्यंत जात नाही, पण रेषा अजून ओलांडतो. मी पोह्यांची प्लेट त्या हातात घेतली.